पावतीराव

मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळाजवळ, उत्तर माड रस्त्याला फुटणाऱ्या एका गल्लीत मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो. घर दाखवायला आलेल्या दलालानं जिन्यातच सांगून ठेवलं होतं, "सार, मालक सोन्यासारखा आहे. फक्त कागद फार मागतो."

चेन्नईत घर घ्यायचं तर दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मोजायची जुनी रीत. मी तेवढ्याची तयारी करून गेलो होतो. मालकांनी माझा चेक उलटसुलट पाहिला आणि परत केला. म्हणाले, "2017 च्या भाडेकरू कायद्यात तीन महिन्यांचं लिहिलंय. सात महिन्यांचं मी कुठल्या खात्यावर जमा दाखवू?" दलालाचा चेहरा पडला, माझा उजळला. पुढं दर महिन्याच्या पाच तारखेला, मी भाडं ऑनलाइन भरत असूनही, एक रुपयाचं महसुली तिकीट चिकटवलेली पावती दाराखालून आत सरकायला लागली. त्या दिवसापासून मनातल्या मनात मी त्यांना पावतीराव म्हणतो. खरं नाव बरंच लांब आहे, त्याच्या शेवटी 'राव' येतं एवढं खरं.

घराणं तंजावरचं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर जी मंडळी खाली कावेरीकाठी आली, त्यांच्यातलं. घरात अजून मराठी बोलतात. तमिळचे हेल घेऊन येणारी ती मराठी पहिले दोन महिने मला निम्मी कळत नव्हती. इथं मी ती सोईसाठी पुणेरी करून देतो आहे. पावतीरावांनी हे वाचलं तर या फेरफाराला लेखी परवानगी कुणी दिली, असं विचारतील.

रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात, पेरंबूरला, हिशेब तपासनिसाच्या खात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. लोक निवृत्त झाले की देवळात जातात, नातवंडांना शाळेत सोडतात, मार्गळी महिन्यात सभांच्या कँटीनमध्ये पानावर बसून गाण्याची चर्चा करतात. पावतीराव हे सगळं करतात, पण फावल्या वेळात. त्यांचा मुख्य वेळ येणी वसूल करण्यात जातो. काकू एकदा कॉफीचा डवरा माझ्यापुढं ठेवत म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या कल्याणमंडपमची अनामत अजून यायची आहे. मंडप पाडून तिथं दवाखाना झाला. ह्यांची फाईल आहे." मला वाटलं थट्टा चाललीय. फाईल खरंच होती, गुलाबी नाडीची.

अशा माणसाचं आणि चेन्नईचं जमावं तरी कसं? या शहराचा आवडता शब्द आहे 'परवाइल्ले'. चालतंय, राहू दे, काही हरकत नाही, हे सगळं त्या एका शब्दात मावतं. सुट्टे नाहीत? परवाइल्ले. पाय तुडवला? परवाइल्ले. या शब्दावर इथले लाखो लोक दिवस काढतात. तो कानावर पडला की पावतीरावांची मान ताठ होते. "परवाइल्ले कुणी म्हणायचं असतं? ज्याचे पैसे गेले त्यानं. ज्यानं घेतले त्यानं नव्हे."

आता 590 रुपयांची गोष्ट.

पावतीरावांकडे एक सँट्रो आहे. ती गुरुवारी साईबाबांच्या देवळापर्यंत जाते आणि येते. एरवी अंगणात कापडाखाली झोपलेली असते. तिचा विमा 9 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्री संपणार होता. पावतीरावांनी चार कंपन्यांचे दर मागवले, तक्ता केला, आणि महिनाभर आधीच दुसऱ्या कंपनीकडून स्वस्तातली पॉलिसी घेऊन मोकळे झाले. 10 तारखेला जुन्या कंपनीनंही त्यांच्या कार्डावरून 8,260 रुपये उचलले आणि "अभिनंदन! आपली पॉलिसी रिन्यू झाली" असा मेसेज धाडला. सँट्रोला एकाच घटकेला दोन विमे लागले.

मी बँकेत नोकरीला, हा त्यांच्या लेखी माझा पहिला गुन्हा. पासबुक घेऊन रात्री नऊला खाली आले. मी समजावलं की आधीच्या वर्षी ऑनलाइन पॉलिसी घेताना कुणीतरी 'दरवर्षी आपोआप नूतनीकरण' या चौकोनात बरोबरची खूण केली असणार. त्याला ई-मँडेट म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर 2023 पासून विम्याच्या हप्त्यांसाठी त्याची मर्यादा एक लाखापर्यंत नेली आहे, तेवढ्या रकमेपर्यंत दरवेळी ओटीपी लागत नाही. मात्र पैसे उचलण्याआधी निदान चोवीस तास कळवावं लागतं.

"कळवलं नाही," ते म्हणाले.

मी फोन मागितला. तीन मेसेज होते. पावतीरावांनी तिन्ही वाचलेले होते.

"वाचले की! त्यात लिंक होती. लिंक उघडू नका असं तुमचीच बँक दर आठवड्याला कळवते. मी तुमचं ऐकलं, त्याचे हे 8,260 रुपये."

यावर रिझर्व्ह बँकेकडेही उत्तर नसावं. राहता राहिली ती चौकोनातली खूण. पॉलिसी काढून दिली होती बेंगळुरूच्या नातीनं. तिला फोन लागला. ती म्हणाली, खूण आधीपासूनच होती, मी फक्त काढली नाही. पावतीरावांचे डोळे लकाकले. ग्राहकांना असं गुंतवण्याच्या तेरा युक्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये 'डार्क पॅटर्न' म्हणून यादी करून बंद केल्या आहेत, हे त्यांना मीच सांगितलं. हा माझा दुसरा गुन्हा. दुसऱ्या दिवशी ती यादी छापून, लॅमिनेट करून त्यांच्या टेबलावर आली.

मग ऑक्टोबरचा पाऊस आला. पंधरा तारखेच्या सुमारास हवामान खात्यानं असा काही इशारा दिला की वेलाचेरीच्या लोकांनी आपापल्या गाड्या आधीच उड्डाणपुलावर नेऊन ओळीनं लावल्या. आदल्या वर्षी मिचौंग वादळात बुडालेल्या इंजिनांची आठवण ताजी होती. सगळं शहर गाडी कुठं चढवू या चिंतेत, आणि पावतीराव भर पावसात कस्टमर केअरला फोन लावून व्हरांड्यात बसलेले. सँट्रो घोटाभर पाण्यात शांत उभी. दोन-दोन विम्यांची गाडी, तिला कसली भीती!

कस्टमर केअरशी बोलायचं म्हणजे आधी त्यांचं संगीत ऐकायचं. पावतीराव कानाला फोन लावून ताल धरीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला, "मोहनम् करायला गेला आहे, पण मध्यम लावतो." मोहनम् म्हणजे आपला भूप. त्यात मध्यम लावणं हा विमा कंपनीच्या हातून झालेला दुसरा अपराध म्हणून वहीत नोंदवला गेला. पलीकडची मुलगी यायची, "सार, सिस्टम्ल इल्ले" म्हणायची, आणि पुन्हा मध्यम सुरू व्हायचा. चौथ्या दिवशी ती म्हणाली, हे आमच्या अखत्यारीत येत नाही.

हे वाक्य मात्र तिनं भलत्याच घराण्याला ऐकवलं. 1855 मध्ये तंजावरचे दुसरे शिवाजीराजे पोटी मुलगा नसताना वारले. कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातल्या खासगी मालमत्तेलाही कुलूप ठोकलं. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी कंपनीवर दावा लावला. मद्रासच्या सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढं गेलं आणि 1859 मध्ये तिथल्या न्यायमूर्तींनी सांगितलं, ही राज्यकर्त्यांची कृती आहे, कोर्टाच्या अखत्यारीत येत नाही. पावतीराव ही हकिकत अशी सांगतात की जणू कोर्टाबाहेरच्या बाकावर राणीसाहेबांची फाईल धरून तेच बसले होते. शेवटी आवाज खाली आणून म्हणतात, "पण 1862 साली सरकारनं मालमत्ता परत केली. फक्त पाठपुरावा लागतो." पॉलिसी 'लॅप्स' झाली हे शब्द त्यांच्या घरात मोठ्यानं उच्चारत नाहीत. एकदा सगळं राज्यच लॅप्स झालेलं आहे.

नवव्या दिवशी, 18 ऑक्टोबरला, पॉलिसी रद्द झाली. रद्द होण्यात अडचण नव्हती. सर्वसाधारण विम्यासाठी विमा नियामकानं जून 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रकात साफ आहे की किरकोळ ग्राहक कारण न देता केव्हाही पॉलिसी रद्द करू शकतो, आणि वर्षाच्या पॉलिसीवर दावा केलेला नसेल तर उरलेल्या दिवसांचा हप्ता प्रमाणात परत मिळतो. गाडीला दुसरा विमा आहे हा पुरावा त्यांनी जोडलाच होता, तीन प्रतींत. परत आले 7,466 रुपये 33 पैसे. कंपनीनं प्रशासकीय रद्दशुल्क 500 आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी असे 590 कापले होते.

कुणीही म्हणालं असतं, नऊ दिवसांत आठ हजारांतले साडेसात हजार सुटले, नारळ फोडा. पावतीराव रात्री पुन्हा खाली. हातात कागद. "नऊ दिवस त्यांनी माझ्या गाडीची जोखीम घेतली. पाऊस काय होता ते तुम्ही पाहिलंत. सात हजारांवर नऊ दिवसांचे 172 रुपये 60 पैसे, वर जीएसटी 31 रुपये 7 पैसे. हे 203 रुपये 67 पैसे त्यांचे, त्यावर माझा हक्क नाही. पण हे 590 कसले? मी नको म्हटलं, त्याचं भाडं?"

इथं मला या माणसाबद्दल एक गोष्ट उमगली आणि थोडी भीतीही वाटली. पैशासाठी भांडणाऱ्या माणसाला निम्म्यावर थांबवता येतं. मी खरोखरच प्रयत्न केला, माझ्या खिशातून 590 देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत, उलट महिनाभर माझ्याशी जरा तुटकपणे वागले. काकू म्हणाल्या, "तुम्ही त्यांना लाच देऊ केलीत."

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र गेलं. नकार आला. नकार आला याचा त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. कारण विमा लोकपालाकडे जायचं तर आधी कंपनीचा नकार हवा, किंवा महिनाभर मौन हवं. तेनाम्पेटला, अण्णा सालईवर, फातिमा अख्तर कोर्ट नावाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ते कार्यालय आहे. फी नाही. वकील चालत नाही, हे तर सोन्याहून पिवळं. जानेवारीत मी रजा टाकून त्यांच्यासोबत गेलो. जाताना एलआयसीच्या जुन्या उंच इमारतीवरून जाऊ या, म्हणून त्यांनी रिक्षा वाकडी घ्यायला लावली. 1959 मध्ये ती उभी राहिली तेव्हा देशातली सर्वांत उंच इमारत होती. पावतीरावांनी रिक्षातून तिच्याकडे मान उंचावून पाहिलं आणि म्हणाले, "हप्त्यांवर बांधलीय. लोकांनी वेळेवर भरले."

कार्यालयातल्या कारकुनानं अर्ज चाळला. लोकपालाला पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देता येते. रकमेच्या रकान्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"590... हजार का, सार?"

"रुपये."

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याच्या ओठांवर 'परवाइल्ले' आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यानं ते गिळलं आणि शिक्का मारला. पोच घेतल्याशिवाय पावतीराव खुर्चीवरून उठले नाहीत. येताना रिक्षाला गेलेले पैसे त्यांनी वहीत लिहिले. त्या वहीत दोन रकाने आहेत, एक 'येणं' आणि दुसरा 'तत्त्व'. रिक्षा दुसऱ्यात गेली. त्या रकान्याची बेरीज ते करत नाहीत. मी एकदा नकळत केली होती. 590 केव्हाच मागं पडले होते.

सुनावणीची वेळच आली नाही. फेब्रुवारीत कंपनीनं हात टेकले. एका सकाळी खात्यात 793 रुपये 67 पैसे जमा झाले, आणि पत्र आलं की ग्राहकाप्रति सद्भावना म्हणून संपूर्ण हप्ता परत करत आहोत. मी पेढे घेऊन वर गेलो. पावतीराव कपाळाला हात लावून बसले होते.

"793.67! यात त्यांचे 203.67 आहेत."

"काका, त्यांनी आपणहून दिलेत."

"म्हणजे नऊ दिवसांचा पाऊस फुकट?"

ते कंपनीच्या शाखेत गेले. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "परवाइल्ले सार, वेच्चुक्कोंगो." ठेवून घ्या म्हणे! त्यांच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये पैसे कमी आले, उशिरा आले, आलेच नाहीत, अशा सगळ्या सोयी आहेत. जास्त आले, ही सोय नाही. मग चेक गेला, नोंदणीकृत टपालानं, पोचपावतीसह. या क्रमांकाची पॉलिसी अस्तित्वात नाही या शेऱ्यासह तो परत आला. दुसरा कुठंतरी टेबलावर तीन महिने पडून मुदत संपली. तिसऱ्याची पोच आली, पण तो काही वटला नाही.

माझी बदली होऊन मी पुण्याला आलो. अनामत शेवटच्या दिवशी हातात पडली, तिची पावती माझ्याकडून घेऊन. परवा त्यांचा फोन आला होता. चौथा चेक टाकलाय म्हणाले. एक वर्ष पैसे आपल्याकडे राहिले, म्हणून बचत खात्याच्या तीन टक्क्यांनी व्याज धरलंय. 209 रुपये 78 पैसे.