पसरणीच्या घाटात दोनशे दट्टे

सायकलनं पुणे ते पाचगणी जायचं ठरलं आणि मला वजनाची काळजी लागली. स्वतःच्या नव्हे, ती काळजी मी कधीच सोडलीय. सामानाच्या वजनाची.

दुकानात हवा भरायचे तीन प्रकार पुढ्यात आले. एक हातभर पंप, त्याला रबरी नळी आणि पायाखाली दाबून धरायची घडीची पट्टी. दुसरा बोटभर, खिशात मावणारा. तिसरा तर पंपच नव्हे, १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड कोंबलेलं पोलादी काडतूस.

"काका, मोठाच घ्या. लहान्यानं हात भरून येतात," दुकानदार म्हणाला.

त्या 'काका'नं घात केला. मी बोटभर पंप उचलला. जोडीदारानं काडतूस घेतलं, तेही एकच. "पंक्चर काय रोज होतंय?"

खंबाटकीचा घाट चढलो, सुरूर फाट्याला वळलो आणि वाईत मिसळीवर चार जादा पाव हाणून, पंपात वाचवलेलं सगळं वजन व्याजासकट पोटात भरलं. पसरणीच्या घाटात तिसऱ्याच वळणावर माझं मागचं चाक 'फुस्स' करून बसलं.

जोडीदार याच क्षणाची वाट पाहत असावा. ट्यूब बदलली, काडतूस फिरवलं, आणि दोन सेकंदांत टायर दगड! काडतुसावर पांढरं हिम धरलं, त्याची बोटं गारठली. द्रवाचा वायू होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो, हे नववीत पाठ केलेलं वाक्य पहिल्यांदा हाताला लागलं. तेवढ्यात पुन्हा 'फुस्स'. बाभळीचा काटा टायरमध्येच ठाण मांडून होता. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं असतं, ही अक्कल काडतूस रिकामं झाल्यावर आली.

काटा काढला, ट्यूबला ठिगळ लावलं आणि माझा बोटभर पंप मैदानात उतरला. हा पंप म्हणजे चमच्यानं हौद भरणं. नळी नसल्यानं प्रत्येक दट्ट्याला व्हॉल्व्ह डुगडुगायचा, म्हणून एका हातानं तो धरायचा आणि दुसऱ्यानं पुण्य कमवायचं. शंभर दट्ट्यांनंतर टायर दाबून पाहिला: पिकला चिकू. दोनशेनंतर: जरा कमी पिकलेला चिकू. पुढं दंडच उचलेनात.

त्याच चिकूवर अलगद वाईत उतरलो. पंक्चरवाल्यानं कॉम्प्रेसरची नळी आणली आणि थबकला. त्याचं तोंड मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं. माझा प्रेस्टा जातीचा, सुईसारखा बारीक. मग त्यानं नट-बोल्टच्या डब्यात चाचपून एक पितळी टोपी काढली, माझ्या व्हॉल्व्हवरची चिमुकली चकती सैल केली आणि टोपी वर बसवली. बारीक व्हॉल्व्ह जाड झाला! दहा सेकंदांत टायर टणक. नखाएवढी ती टोपी, स्वस्तात मिळते. ती खिशात असती, तर रस्त्यावरचा प्रत्येक कॉम्प्रेसर माझाच होता.

पैसे देताना खिशातून माझा पंप खाली पडला. पंक्चरवाल्यानं तो उचलून निरखून पाहिला.

"साहेब, दम्याचा आहे का?"

"हो," मी धापा टाकत म्हणालो, "आजच सुरू झालाय."