नारोशंकराची घंटा, मुक्काम जेसल पार्क

आमच्या हिने मला चारचौघांत 'नारोशंकराची घंटा' म्हटलं, त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की खाडीकाठच्या आमच्या बाकावरच्या तिघांनीही लगेच माना डोलावल्या. एरवी या तिघांचं आज वार कोणता यावरही एकमत होत नाही.

तिची तक्रार अशी, की मी खाली भाईंदरच्या खाडीवर बसून देश चालवायला लागलो की वर दुसऱ्या मजल्यावर तिला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. तीन शिट्ट्यांचा भात त्या दिवशी सात शिट्ट्यांवर गेला होता. त्यावर तडजोडीची भाषा करायची सोडून मी पुरावे गोळा करायला बसलो. माझा स्वभावच अभ्यासू. (हे माझं मत. मतदार एक.)

तर पुरावे. नाशिकला पंचवटीत, गोदावरीच्या काठी, नारोशंकराचं देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधलं. आत महादेव, रामेश्वर. पण नाव चालतं बांधणाऱ्याचं. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर सेक्रेटरीचं नाव आहे, त्यातलाच प्रकार. देवळाच्या कोटावर नदीकडे तोंड करून ती थोरली घंटा टांगलीय, जिच्यावरून मराठीतल्या यच्चयावत दणदणीत गळ्यांना नाव पडलं. आणि ही घंटा मुळात नाशिकची नाहीच! ती पोर्तुगीज. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तिथून ती विजयाची खूण म्हणून आली, असं सांगतात. भीमाशंकरच्या देवळातही अशीच एक वसईची घंटा आहे.

वसई! म्हणजे आमच्या बाकावरून मान वर केली की खाडी, खाडीवर रेल्वेचा पूल, पाणजू बेट, पलीकडे नायगाव आणि मग वसई. मला रात्री झोप येईना. एवढं धूड घाटावर चढवलं कसं असेल? किती बैल लागले असतील? जीभ काढून ठेवली असेल का? नसेल काढली, तर गाडीचं चाक दगडावरून गेलं की 'ठण्ण'. वाटेतल्या गावात कुणी जेवता जेवता हात जोडले असतील, कुणाचं पोर उठून बसलं असेल, आणि बैलांचं तर काय झालं असेल ते बैलच जाणोत. पहाटे तीनला मी हिला हलवून विचारलं, "घाटात उतारावर ती मागून ढकलायला लागली तर?" ही म्हणाली, "झोपा, नाहीतर मी ढकलते."

सकाळपर्यंत माझा निष्कर्ष पक्का झाला होता. माझा आवाज हा दोष नाही, तो या परिसराचा ऐतिहासिक वारसा आहे.

संध्याकाळी बाकावर मी हे सगळं वीस मिनिटं सांगितलं. बँकवाले मध्येच निवडणुकीवर घसरू पाहत होते, त्यांना आवरलं. (बँकवाल्यांचं राजकारणातलं एकही भाकीत आजवर खरं ठरलेलं नाही. त्यामुळे त्यांनी ज्याला पाडलं तो निर्धास्त झोपतो.) मास्तर शांतपणे ऐकत होते. मास्तर वसईचे, ख्रिस्ती, घरात तिकडची कादोडी बोली बोलणारे, आयुष्यभर मुलांना मराठीचं व्याकरण शिकवून थकलेले. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे आमचीच की ती." मग थोडं थांबून, "नीट ठेवलीय ना?"

मी हो म्हटलं. पण वीस मिनिटांत मी बैलांचासुद्धा विचार केला होता आणि ज्या गावातून ती उचलून आणली त्या गावाचा नाही, हे माझ्या लक्षात आलं. ते लक्षात आल्याचं मी कुणाला कळू दिलं नाही.

खरी फजिती मात्र बाकावरच्या तिसऱ्याने, मोटाभाईंनी केली. २०२५चा जुलै. मिरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला थप्पड बसली, मग व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, मग ८ तारखेचा मोर्चा. त्या आठवड्यात बाकाला संसदेचं रूप आलं होतं आणि सभापती अर्थातच मी. मी मोटाभाईंकडे वळून मराठीची थोरवी मांडली. ३ ऑक्टोबर २०२४ला मिळालेला अभिजात दर्जा, सातवाहन, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "और इसलिए भाईसाब, यहाँ रहना है तो मराठी बोलना पडेगा!"

मोटाभाई शेंगदाणे सोलत होते. फोलपटं फुंकून म्हणाले, "मग बोला की वो मराठीत. मला काय कळंना व्हय?"

मोटाभाईंची उमर मूळजी जेठा मार्केटात कापडाच्या गाठी मोजण्यात गेली. त्या गाठी उचलणारे सातारचे माथाडी. मराठी त्यांनी त्यांच्याकडून उचलली. सूर गुजराती, शब्द कोरेगावचे. आणि हा माणूस तीस वर्षं माझ्याशी असंच बोलतोय आणि मी त्याला तीस वर्षं हिंदीत उत्तर देतोय! का? तर समोरचा टोपी घातलेला मोटाभाई आहे, एवढ्यावरून. वर एकदा मी त्यांना "'कळंना' नाही, 'कळत नाही' म्हणावं" असं सुचवलंही होतं. हिंदीतून.

मला राग आला. मोटाभाईंचा नाही. ज्याला त्याला भाषा शिकवायला निघालेल्यांचा आला, आणि मोजून पाहिलं तर त्यात पहिला नंबर माझाच लागत होता. घरी नातू मला "आजोबा, हे काय लिहिलंय, वाचून दाखवा ना," म्हणतो, तेव्हा मी मोबाईल चाळत "नंतर" म्हणतो. ती वीस मिनिटं बाकासाठी राखून ठेवलेली असतात ना.

पुस्तकांचं तर विचारूच नका. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिलं तेव्हा धर्मगुरू कसा चालेल म्हणून काहींनी गदारोळ केला. मी ताबडतोब फादरांच्या बाजूने उभा राहिलो. बाजू घ्यायची तर पुस्तक घरात हवं, म्हणून त्यांनी अनुवादलेलं 'सुबोध बायबल' विकत आणलं. वाचलेलं हवंच असा काही नियम नाही. पुढे पाच वर्षं बाकावर त्यातली भाषा किती रसाळ आहे हे मी सांगत आलो. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालाय, ही बातमीही मी मास्तरांना दिली. तीही अशी, की जणू पुरस्कार समितीत मी होतो. शेवटी मास्तरांनी पुस्तक वाचायला मागितलं. आठ दिवसांनी परत दिलं, आणि सोबत एक कागद. "हे आत होतं. अकराव्या पानावर." जानेवारी २०२०चं विजेचं बिल. "भरायचं राहिलंय का बघा," एवढंच बोलले. त्यापुढची पानं एकमेकांना चिकटलेली होती, हे काही बोलले नाहीत. मास्तर मूळचेच सभ्य.

मग नवरात्र आलं, २०२५चंच. सप्टेंबर संपता संपता बातमी आली. पाणजूचा एक तरुण रेल्वे पुलावरून पायी चालला होता. धावत्या लोकलमधून कुणीतरी निर्माल्यातला नारळ खाडीत म्हणून फेकला. नारळ त्या तरुणाच्या डोक्यात बसला. तो गेला.

त्या संध्याकाळी बाकावर आलो तेव्हा माझं भाषण तयार होतं. श्रद्धा वेगळी, सवय वेगळी, इथून सुरुवात. बँकवाल्यांचंही तयार होतं, पुलाला जाळ्या लावाव्यात असं काहीसं. मी घसा साफ केला आणि मांडीवरची पिशवी सरळ केली. पिशवीत आमच्या देवघरातली तीन दिवसांची फुलं होती आणि कुजका निघालेला एक नारळ. हिने निघताना हातात दिली होती. जाता जाता खाडीत सोडा, म्हणून. गेली तीस वर्षं मी सोडतोच आहे. मी गाडीतून फेकत नाही, काठावर उभा राहून हळूच सोडतो, एवढाच माझा धर्म वेगळा.

एक लोकल पुलावर आली. आम्ही चौघेही तिच्या दारांकडे बघत बसलो. ती पार पलीकडे जाईपर्यंत कुणी बोललं नाही. मोटाभाईंनी शेंगदाण्याची पुडी तशीच दुमडून खिशात ठेवली. मास्तर उठले, माझ्या पिशवीकडे त्यांनी पाहिलं की नाही, मला सांगता यायचं नाही.

घरी आलो तर ही दारातच. "बरं वाटत नाहीये का? आज खाली गप्पच होतात. आणि ही पिशवी परत का आणलीत?"

"तुळशीच्या कुंडीत घालू," मी म्हटलं.

"काय?" ही म्हणाली. "जरा मोठ्याने बोला, ऐकू नाही आलं."