डोंगराकडे पाठ करून

मुंबईहून मॉरिशस विमानाने सहा-साडेसहा तासांवर. व्हिसाची कटकट नाही, त्यामुळे लग्नाच्या जेवणावळी आटोपल्या की जोडपी निघतात. कार्यक्रम ठरलेलाच असतो. एक दिवस उत्तरेकडची सहल, एक दिवस दक्षिणेकडची, एक दिवस इल ओ सेर्फ बेटावर बोट आणि पॅरासेलिंग, उरलेला वेळ रिसॉर्टमध्ये. मौजेला माझी हरकत नाही. ते दिवस मौजेचेच असतात. राग आहे तो ही सहल विकणाऱ्यांचा, आणि पैसे मोजताना एकही प्रश्न न विचारणाऱ्या आपलाही.

पोर्ट लुईला गाडी कोदाँ वॉटरफ्रंटवर थांबते. का, तर खरेदी. तिथून थोडं चाललं की आप्रवासी घाट लागतो, करारावर आलेल्या मजुरांना जिथे उतरवून घेत. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे, पण कित्येक मराठी जोडपी तिथे न डोकावताच टी-शर्ट घेऊन परत गाडीत बसतात.

तिथे बघायला आहे काय? बंदरातून वर येणाऱ्या झिजलेल्या दगडी पायऱ्या, माणसं उतरवून घेण्याच्या कोठारवजा खोल्यांचे अवशेष, दवाखान्याच्या भिंती. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून या बेटावर आले. तीन महिन्यांत, १ फेब्रुवारी १८३५ ला, इथली गुलामगिरी कायद्याने संपली आणि ऊसमळ्यांच्या मालकांना नवे हात हवे झाले. पुढे सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून आली. करार पाच वर्षांचा, सुरुवातीला पुरुषाला महिन्याला पाच रुपये, आणि एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. खाडा आजारपणाचा असला, तरी मुकादमाला त्याचं काय!

या माणसांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. पुढे पुढे फोटोही. कपाळावरचा वण लिहून ठेवला, कारण मळ्यातून पळाला तर ओळखता यायला हवा. कारकुनाने जसं ऐकलं तसं नाव लिहिलं आणि कितीतरी घरांत पणजोबाचं नाव हेच आडनाव होऊन बसलं.

त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणी माणसंही होती. त्यांचे वंशज घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या जाखडी नाचाला ते झाकरी म्हणतात. ढोलकी-झांजेवर फेर धरून ती आजही नाचतात. सरकारी प्राथमिक शाळेत मूल मराठी विषय घेऊ शकतं. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, पाच-सहा पिढ्यांनंतर, हे टिकवायला काय लागलं असेल याचा विचार करावा. तिथे जाऊन त्यांच्यापैकी एकाशीही न बोलता परतणं मला तरी खटकतं.

दक्षिणेकडच्या सहलीत आणखी एक गोष्ट निसटते. ल मोर्न हा समुद्रात घुसलेला काळा कातळ. त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात, ड्रोन उडवतात, पाण्याखालचा धबधबा दाखवतात. तो धबधबा म्हणजे वाळू-गाळ घसरताना होणारा दृष्टिभ्रम आहे. डोंगराची गोष्ट मात्र खरी आहे: मळ्यांतून पळालेले गुलाम याच कड्याकपारीत लपून राहिले. २००८ साली यालाही जागतिक वारशाचा मान मिळाला, तो निसर्गशोभेसाठी नव्हे, त्या पळालेल्या माणसांसाठी. एवढं दोन वाक्यांत गाइड सांगू शकतो. सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही.

म्हणून नाव नोंदवतानाच एजंटला विचारा: पोर्ट लुईच्या कार्यक्रमात आप्रवासी घाट आहे का? नसेल तर खरेदीचे दोन तास तिथे द्यायला लावा. गंगा तलाव या तीर्थस्थळी नेणारच आहेत, तर ड्रायव्हरला जवळपासच्या एखाद्या मराठी वस्तीबद्दलही विचारा. वाटेत टपरीवर दालपुरी खा, तीही त्याच जहाजांतल्या माणसांनी तिथे रुजवलेली. आणि भाद्रपदात जाणार असाल तर रिसॉर्टच्या बुफेऐवजी एखाद्या गावच्या गणपतीची आरती गाठा.