तबकडीशोधक, मुक्काम भंडारा

जुन्या ग्रामोफोन तबकड्या जमवणारा माणूस महाराष्ट्रात सगळीकडे आढळतो. त्यांची संस्थाही आहे: सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, स्थापना मुंबईत, १९९० साली. पण भंडारा जिल्ह्यात या माणसाचे एक वेगळे वाण निपजते. मुंबई-पुण्याकडचा संग्राहक बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकरांपाशी सुरुवात करतो आणि तिथेच सुखाने म्हातारा होतो. भंडाऱ्याचा तबकडीशोधक सुरुवात तिथूनच करतो, पण निवृत्तीच्या आगेमागे कधीतरी त्याचा पाय घसरतो आणि तो थेट १९२८ सालच्या शिकागोत जाऊन पडतो. तिथे त्याला पियानोवर ब्लूज आणि बूगी-वूगी वाजवणारे कृष्णवर्णीय वादक भेटतात. पुढची पेन्शन त्यांच्या नावे खर्ची पडते.

हा गृहस्थ बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त गुरुजी असतो, वीज मंडळातला साहेब असतो, नाही तर जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतला फोरमन. तिघांत निर्माणीवाला सर्वांत कट्टर. निर्माणीच्या वसाहतीत कोलकाता, खडकी, जबलपूर अशा ठिकाणांहून बदलून आलेली माणसे शेजारी राहतात, आणि बदली झालेला शेजारी जाताना काय मागे टाकून जाईल याचा नेम नसतो. कुणी लोणच्याची बरणी टाकतो, कुणी कुत्रा, कुणी गोणपाटात बांधलेल्या चाळीस तबकड्या.

तबकड्यांचा जिल्ह्यातला मुख्य साठा मात्र दोन ठिकाणी असतो. एक, जुन्या मालगुजारांचे वाडे. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, त्यांना 'मामा तलाव' असे घरगुती नाव मिळाले. ग्रामोफोन मात्र माळ्यावर धानाच्या कोठ्यांमागे तसाच राहिला, कारण तो जमा करून घ्यायला कोणता कायदाच नव्हता. दुसरा साठा लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्यांकडे. त्यांच्या खोलीत भोंगे, वायरी आणि जळालेले अँप्लिफायर यांच्याखाली तबकड्यांचा थर असतो, आणि तो ते किलोवर विकतात. तबकडीशोधक किलोचा भाव ऐकून कळवळतो, पण तो वाढवा असे म्हणत नाही.

त्याचे पतन होते ते याच ढिगात. भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र नसलेली एखादी तबकडी हाती लागते; कोलंबियाची, कोलकात्यात ध्वनिमुद्रित झालेली, वर नाव टेडी वेदरफोर्ड. हा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा पियानोवादक. शिकागोत नाव काढून तो पूर्वेकडे निघाला, १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, पुढे कोलकात्याच्या ग्रँड हॉटेलात गेला आणि १९४५ साली तिथेच पटकीने वारला. तबकडीशोधकाला यातले हॉटेल, शिकागो वगैरे विशेष भिडत नाही. पटकी भिडते. ज्या रोगाने आपल्या पणजोबांच्या पिढीतली माणसे नेली त्याच रोगाने जॅझच्या पियानोवाल्यालाही नेले, एवढ्यावर तो माणूस त्याच्या नात्यात येतो. मग तो मोबाइलवर वेदरफोर्डचे नाव टाकतो, आणि यूट्यूब त्याला शेजारच्या गल्लीतून शेजारच्या गल्लीत नेत बूगी-वूगीवाल्या पाइन टॉप स्मिथच्या दारात सोडते.

घरच्यांना 'बूगी-वूगी' हे शब्द ऐकून आधी बरे वाटते. त्यांच्या लेखी ती १९९६ साली सुरू झालेली जावेद जाफरीची नृत्यस्पर्धा. तिच्यापायी जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांनी आरशासमोर कमरा मोडून घेतल्या आहेत. बाबा म्हातारपणी नाच बघायला लागले, चालायचेच. बाबा नाच बघत नाहीत, डोळे मिटून एका हाताने टेबल बडवत बसतात, हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

टेबल बडवणारा हात डावा असतो. बूगी-वूगी समजायची तर डावा हात समजला पाहिजे. पियानोवर उजवा हात मनाला येईल तसा खेळतो. डावा खर्जात एकच आकृती अखंड फिरवत राहतो, चार मात्रांच्या प्रत्येक खंडात आठ ठोके. असे बारा खंड झाले की एक चक्र पुरे. पहिले चार खंड षड्जावर, पुढचे दोन मध्यमावर, दोन पुन्हा षड्जावर, मग एक पंचमावर, बहुतेकदा एक मध्यमावर आणि शेवटी दोन खंड घरी, म्हणजे षड्जावर. ब्लूज गाण्याचा सांगाडाही हाच. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देतो. बारा चोक अठ्ठेचाळीस मात्रा झाल्या, आणि अठ्ठेचाळीस म्हणजे त्रितालाची नेमकी तीन आवर्तने. हा शोध प्रत्येक तबकडीशोधक स्वतंत्रपणे लावतो आणि आपणच तो प्रथम लावला अशी प्रत्येकाची खात्री असते. तो सांगण्यासाठी तो भजनी मंडळाच्या तबलजीला घरी बोलावतो, चहा पाजतो, तबकडी ऐकवतो. तबलजी सगळे शांतपणे ऐकून एकच विचारतो, "भाऊ, यात सम कोठी हाये?" प्रश्न रास्त आहे. बूगीत समेवर येण्याचा सोहळा नसतो, दाद द्यायला कुठे मान हलवावी ते कळत नाही, आणि दाद देण्याची सोय नसलेले संगीत भंडाऱ्यात फार काळ टिकत नाही.

माल गावात खपवायचा तर तो गावचा आहे असे दाखवावे लागते. तबकडीशोधक ते दोन मार्गांनी करतो.

पहिला मार्ग रेल्वेचा. बूगी-वूगी वाढली ती टेक्सास-लुइझियानाकडच्या जंगलतोडीच्या तळांवर आणि त्यांना जोडणाऱ्या रेल्वेच्या कडेने. डाव्या हाताची ती चाल पुष्कळांना आगगाडीच्या चाकांची वाटत आली आहे. भंडारा हा झाडीचा मुलूख. १८८०च्या दशकात नागपूरहून पूर्वेला गेलेली रेल्वे या झाडीतून गेली. तुमसरकडे मँगनीजच्या खाणी, तिरोडीपर्यंत शाखामार्ग. जंगल आहे, खाण आहे, मजूर आहे, रेल्वे आहे. मग इथे बूगी का जन्मली नाही, असा सवाल तो करतो. कुणी उत्तर दिले नाही तर स्वतःच देतो: पियानो नव्हता. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर तो मालगाडी ऐकायला जाऊन बसतो. हल्ली रूळ जोडून सलग केलेले असल्यामुळे सांध्यांचा ठेका ऐकू येत नाही, याबद्दल त्याची रेल्वेकडे तक्रार आहे. प्रवासी संघटनेच्या निवेदनात हा मुद्दा घालण्याचा आग्रह त्याने धरलेला असतो. संघटना त्याआधी थांबे मागते.

दुसरा मार्ग लाखेचा, आणि इथे त्याचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असे. दगडाची बारीक पूड, काजळी, कापसाचा तंतू असा बाकीचा मसाला, आणि हे सारे धरून ठेवायला लाख. लाखेचा किडा पोसतो पळस, बोर, कुसुम या झाडांवर. जगाला लागणारी बरीचशी लाख हिंदुस्थानातून जाई. गोंदियात लाखेचे कारखाने होते आणि गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. तेव्हा, तबकडीशोधक सांगतो, पाइन टॉपच्या तबकडीत साकोलीचा पळस आहे. त्या काळची बहुतेक लाख छोटा नागपूरच्या पठारावरून येत असे हे त्याला ठाऊक असते. ते तो सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा, १९४२ साली, अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेत ७० टक्के कपात केली आणि जुन्या तबकड्या भंगारात गोळा होऊ लागल्या. म्हणजे साकोलीच्या पळसाच्या पोटी जन्मलेले ब्लूज दळून त्यावर नवी नाचगाणी छापली गेली! हे सांगताना त्याचा आवाज हलतो. या इतिहासात खोटे फारसे नाही. तो दुधाची पिशवी आणायला निघालेल्या माणसाला रस्त्यात अडवून सांगितला जातो, इतकीच अडचण.

कलावंतांची चरित्रे तो भाऊबंदांच्या भानगडींसारखी सांगतो. क्लॅरेन्स 'पाइन टॉप' स्मिथने आपली प्रसिद्ध बूगी २९ डिसेंबर १९२८ रोजी शिकागोत व्होकॅलियन कंपनीसाठी वाजवली आणि पुढच्या मार्चमध्ये नाचघरातल्या भांडणात गोळी लागून तो मेला, वय चोवीस.  तबकड्या काढणारी दुसरी कंपनी, पॅरामाउंट, मूळची खुर्च्यांच्या कारखान्याची. विस्कॉन्सिनमधला तो कारखाना ग्रामोफोनची लाकडी कपाटे बनवू लागला, आणि कपाटे खपावीत म्हणून तबकड्या काढू लागला. तबकड्या इतक्या हलक्या प्रतीच्या की गाण्यापेक्षा खरखर मोठी. मीड लक्स लुइसची 'हाँकी टाँक ट्रेन ब्लूज' १९२७ साली याच पॅरामाउंटने मुद्रित केली. जॉन हॅमंड नावाच्या रसिकाने ती ऐकून वादकाचा शोध घेतला, तेव्हा तो शिकागोत गाड्या धुताना सापडला. पुढे २३ डिसेंबर १९३८ रोजी हॅमंडने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लुइस, अल्बर्ट अ‍ॅमन्स आणि पीट जॉन्सन यांना एका मंचावर बसवले आणि अमेरिकेला बूगीचे वेड लागले. वेडाची लाट मुंबईच्या सिनेमापर्यंत आली. लहानपणी नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणे शिकलेल्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला'त, १९५१ साली, तिचे पाणी मनमुराद उडवले. हे वाक्य तबकडीशोधक 'नागपुरात' या शब्दावर जोर देऊन म्हणतो.

पण त्याचे दैवत जिमी यॅन्सी. हा शिकागोच्या बेसबॉल मैदानावर हिरवळ राखण्याच्या नोकरीत होता, वाजवायचा तो नोकरी सांभाळून, आणि त्याचे ध्वनिमुद्रण झाले थेट १९३९ साली, वय चाळिशीत गेल्यावर. हजेरीपटावर सही करून उरलेल्या वेळात कला करणारा माणूस! तीस वर्षे अर्जित रजा साठवलेल्या जीवाला यापरता दिलासा कोणता? यॅन्सीची एक खोड प्रसिद्ध आहे. तुकडा कोणत्याही स्वरात सुरू असो, शेवट तो ई-फ्लॅटमध्ये करायचा, म्हणजे आपल्याकडची काळी दोन. या काळी दोनने पुढे झाडीत काय घडवले ते यथास्थळी येईल.

घरातली परिस्थिती थोडक्यात सांगता येते. अस्सल अमेरिकी तबकड्या त्याच्या ऐपतीबाहेरच्या असतात, म्हणून तो भोंग्याचा ग्रामोफोन पुसूनपासून मध्ये ठेवतो आणि त्याच्यामागे मोबाइल लपवून त्यावर पाइन टॉप लावतो. भोंगा भंडाऱ्याच्याच पितळ-कारागिराने डाग देऊन दुरुस्त केलेला असतो. पाहुण्याला तीन मिनिटे बसवायचे, बोलू द्यायचे नाही, हा दंडक. बायको स्वयंपाकघरातून 'हाँकी टाँक ट्रेन' पंधराव्यांदा ऐकते आणि विचारते, "अजी, हे गाडी टेसनात कधी येनार हाये का नुसतीच धावनार हाये?" शिकागोत भाडे थकले की घरीच पियानो वाजवून पाहुण्यांकडून पैसे गोळा करत, हे त्याने एकदा कौतुकाने सांगितले, तेव्हा तिने विजेचे बिल आणून समोर ठेवले.

उरतो तो प्रत्यक्ष वाजवण्याचा प्रश्न. हार्मोनियमवर बूगी वाजत नाही, कारण डावा हात भात्यात गुंतलेला. महाराष्ट्रातल्या असंख्य डाव्या हातांचे आयुष्य नुसते वारा घालण्यात गेले, हे तबकडीशोधकाचे आवडते दुःख आहे. ऑर्गनचा भाता मात्र पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे. ऑर्गन झाडीपट्टीच्या नाटकांत अजून वाजतो. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, पुढे शंकरपट, आणि वडसा-देसाईगंजच्या कंपन्या रात्री दहाला पडदा उघडून कोंबडा आरवेपर्यंत नाटक करतात. तबकडीशोधक अशा नाटकाला जातो, पहिल्या रांगेत बसतो आणि मध्यंतरात ऑर्गनवाल्याला गाठतो.

ऑर्गनवाला हिवाळाभर जागून वाजवणारा माणूस. त्याने प्रेमभंग, हुंडाबळी, सर्पदंश असे सगळे काही वाजवलेले असते. तो मोबाइल कानाला लावून दोन चक्रे ऐकतो, तिसऱ्याला बोटे ठेवतो आणि डावा हात सुरू करतो. तबकडीशोधकाचे डोळे भरून येतात. "सोपा हाये," ऑर्गनवाला म्हणतो, "खलनायकाच्या एंट्रीले चालल." आणि तिसऱ्या अंकात गॉगल लावलेला सावकार शिकागोच्या डाव्या हातावर पावले टाकत रंगमंचावर येतो. मंडपातून शिट्ट्या येतात.

इथे तबकडीशोधकाने गप्प बसायला हवे असते. पण त्याला यॅन्सी आठवतो. दुसऱ्या प्रयोगाला तो ऑर्गनवाल्याला गळ घालतो की शेवट काळी दोनमध्येच कर. ऑर्गनवाला भिडस्त निघाला तर करतो. सावकाराच्या पाठोपाठ येणाऱ्या नायिकेला पांढरी चारची सवय. ती काळी दोन ऐकून भलत्याच जागी स्वर उचलते, तबलजी हात वर करतो, आणि गावच्या मंडळींना वाटते की बाईंचा गळा बसला. निर्मात्याने घातलेला तोडगा बहुतेक कंपन्यांत सारखाच असतो: बूगी राहील, सावकारापुरती, पांढरी चारमध्ये संपेल, आणि या काकांचे तिकीट यापुढे मागच्या रांगेतले.