शिंका आणि शंका

आमच्या आणि सिस्टरबाईंच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून त्यांचा कढीपत्ता आमच्याकडे वाकतो आणि आमच्याकडच्या बातम्या त्यांच्याकडे. रविवारी सकाळी मी कढीपत्ता तोडत होते, तेवढ्यात दुधाची पिशवी हलवत नाना आले आणि त्यांनी आवाज खाली आणला. नानांनी आवाज खाली आणला की समजायचं, आता तीन घरांना ऐकू जाणार.

"वहिनी, त्या कोपऱ्यावरच्या पोराचं काही खरं नाही. काल संध्याकाळी गेटापाशी दिसला. बुबुळं ही एवढी! नाक सारखं सूं सूं. परवाच पेपरात वाचलं मी. कोकेन!"

माझ्या हातातली डहाळी तशीच राहिली. "अहो नाना, डोळ्यांदेखत वाढलेलं पोर ते!"

"पोरं डोळ्यांदेखतच बिघडतात."

भिंतीपलीकडे सिस्टरबाई मटार सोलत बसल्या होत्या. सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई. मान वर न करता म्हणाल्या, "बुबुळ नाही नाना, बाहुली. बुबुळाच्या मधला काळा ठिपका. काल दुपारी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच पाठवलं होतं. थेंब घालून बाहुली मोठी करतात, ती काही तास तशीच राहते. आणि नाक तर त्याचं तिसरीपासून वाहतंय."

"म्हणजे पेपर खोटा?"

"पेपर खरा. कोकेननं बाहुल्या मोठ्या होतात, नाकही वाहतं. पण एका शिंकेवर पंचनामा करायचा नसतो. आणि गंमत ऐका, एके काळी डोळ्यांच्या थेंबातच कोकेन असायचं. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरनं दाखवलं, की त्याचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो आणि ऑपरेशन सोसवतं."

"तेच म्हणतोय मी. हे सगळं फॉरेनचं फॅड."

"फॉरेनचं कसलं? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई-कलकत्त्यात लोक ते पानातून खायचे. चुना, कात आणि वर चिमूटभर पांढरी पूड."

नानांच्या तोंडात पानच होतं. ते चघळायचं थांबले.

मी म्हटलं, "मग ओळखायचं तरी कसं?"

"घड्याळावर. नाकातून ओढलं की काही मिनिटांत चढतं आणि अर्ध्या तासात उतरायला लागतं. म्हणून असा माणूस पार्टीत सारखा बाथरूमला जातो. जाताना जांभया देत असतो, परत येतो तो तिघांची भाषणं एकटा करतो. ताटाला हात लावत नाही, रात्रभर झोपत नाही. आणि मग एक-दोन दिवसांनी सगळं उलटं. दुपारपर्यंत लोळतो, उठला की वखवखून खातो, बोललं की अंगावर येतो, तोंड उतरलेलं. हा चढ-उतार पुन्हा पुन्हा दिसायला लागला, वजन घटलं, पगार बरा असून महिन्याच्या मध्यालाच उसने मागायला लागला, तर मग विचार करायचा. पुढे पुढे संशय येतो. शेजारीपाजारी आपल्यावर नजर ठेवून आहेत असं वाटतं."

"ते तर आपण ठेवतोच," नाना म्हणाले.

सिस्टरबाईंनी एक शेंग सोलली, दाणे मोजावेत तसे बघितले आणि म्हणाल्या, "आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, मोठा हुद्दा, बरोबर बायको. तक्रार काय, तर नाकात खपल्या धरतात, मधूनच रक्त येतं आणि श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते. डॉक्टरांनी उजव्या नाकपुडीशी टॉर्च धरला, तर उजेड डावीकडून बाहेर! मधल्या पडद्याला रुपयाएवढं भोक."

"बाप रे! दुखलं नाही त्यांना?"

"तीच तर मेख. कोकेननं रक्तवाहिन्या आवळतात. पडद्यातल्या कूर्चेला रक्त मिळेनासं होतं, ती हळूहळू झडते. आणि भूलही तेच देतं, मग दुखणार कसं? पण असं भोक दुसऱ्या कारणांनीही पडतं. म्हणून डॉक्टरांनी बायकोला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि विचारलं, 'नाकातून काय ओढता?' चहात साखर किती घेता, असं विचारावं तसं. गृहस्थ ढसाढसा रडले. दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं म्हणाले. कुजबुजले सगळे, विचारलं कुणी नाही."

नाना पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले.

"नाकाचं एक वेळ निभावतं," सिस्टरबाई म्हणाल्या, "मला भीती छातीची. कोकेन घेतल्यावर पहिल्या तासाभरात तिशीतल्या धडधाकट माणसालाही हार्ट अटॅक येऊ शकतो. बरोबर दारू असली तर यकृतात कोकाइथिलिन नावाचं तिसरंच रसायन तयार होतं. ते जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला जास्त छळतं. अशा वेळी ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. आणि डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही. खरं कळलं तर औषध बदलतं."

"पण पोलीस?" मी विचारलं. "त्या भीतीनंच लोक दडवत असणार."

"अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात ६४-अ कलम आहे ना. स्वतःजवळ थोडंसंच सापडलेला व्यसनी, कोकेनच्या बाबतीत थोडं म्हणजे दोन ग्रॅमपर्यंत, आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि ते पुरे केले, तर खटल्यातून सूट मिळू शकते. सरकारची हेल्पलाइन आहे, १४४४६, फुकट. आणि आपल्या पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच. गर्दनं, म्हणजे ब्राउन शुगरनं, पोरं खाल्ली तेव्हा १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी काढलेलं. कोकेन सोडवणारी गोळी अजून निघालेली नाही. बोलणं, घरच्यांची साथ आणि वेळ, एवढंच."

एवढ्यात कोपऱ्यावरचं गेट वाजलं. पोर सायकल काढत होतं. नवा चष्मा, आणि नाक अर्थातच सूं सूं. नानांनी सवयीनं माझ्याकडे वाकून आवाज खाली आणला, सिस्टरबाईंकडे बघितलं, आणि सरळ होत खणखणीत हाक मारली, "काय रे, नंबर वाढला वाटतं?"

"हो ना नाना, पाऊणनं!"

"आणि ते नाक दाखव आमच्या सिस्टरबाईंना एकदा!"

"मटार सोलायला बसणार असेल तरच," सिस्टरबाई म्हणाल्या.