सासूबाईंचं लॉज

परदेशातून रत्नागिरीला घरी येणाऱ्या जोडप्यातला एक भारतीय आणि दुसरा परदेशी पासपोर्टवाला असेल, तर सरकारदरबारी त्या घराचं लॉज होतं. ही अतिशयोक्ती नव्हे. परकीय माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची, हे बंधन हॉटेल, धर्मशाळा आणि इस्पितळ यांच्याबरोबर खाजगी घरावरही आहे. वर्षानुवर्षं ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अर्जात पाहुण्याचा पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार, सगळं भरायचं. म्हणजे मुंबईच्या विमानतळावर ‘भारतीय’ आणि ‘परदेशी’ अशा दोन रांगांत नवराबायकोला उभं करून, परदेशी बोटांचे ठसे घेऊन, शिक्का मारूनही सरकारचं समाधान झालेलं नसतं. देशाची हद्द त्यांच्याबरोबर कोकण रेल्वेत बसते, रत्नागिरी स्टेशनला उतरते, रिक्षा करून घरी येते आणि पडवीत पाय पसरते. भाकरतुकडा ओवाळून सुनेला आत घेणारी सासू तेवढ्यात कायद्याने लॉजमालकीण झालेली असते. खरं तर ही बातमी चोवीस मिनिटांत वाडीभर झालेलीच असते. तिथल्या एखाद्या काकूंना मानधनावर नेमलं असतं तर सर्व्हरचा खर्चही वाचला असता.

माझं म्हणणं एवढंच, की या सगळ्यात परक्या जोडीदाराची तपासणी होते हा गैरसमज आहे. तपासली जाते ती आपल्याच नागरिकाची अक्कल. त्याने विचार करून लग्न केलं, नोंदवलं, निभावलं. सरकार म्हणतं, बघू. पुरावा हवा असेल तर नागरिकत्व कायदा उघडावा. भारतीय माणसाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, कार्ड हवं असेल, तर लग्न नोंदलेलं हवं, अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं, आणि वर सुरक्षा चौकशी. हापूस आढीत घातला तर आठदहा दिवसांत पिकतो. आंतरराष्ट्रीय लग्नाला कायद्याच्या आढीत दोन वर्षं काढावी लागतात. जोडीदार स्वतः, त्याचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणी कधी पाकिस्तानचं वा बांगलादेशाचं नागरिक असेल, तर कार्डच नाही. आमच्याकडे पत्रिका जुळवणारे गुरुजी कडक खरे, पण पणजोबांचा पासपोर्ट अजून एकाही गुरुजींनी मागितलेला नाही. ज्या जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांचे नातलग फाळणीआधीपासून कराचीत आहेत, तिथे या पणजोबांच्या अटीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. आणि एवढं सगळं पार पडून कार्ड मिळालं, तरी घटस्फोट झाला की ते रद्द होऊ शकतं. कार्डाच्या नावात ‘नागरिक’ आहे, पण मत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. रत्नागिरीत याचा अर्थ असा, की जावयाने आंबे हवे तेवढे खावेत, कलमांच्या बागेचा भाव विचारू नये. (शेतकरी नसलेल्या दादरकरालाही तो विचारून उपयोग नसतो, हा त्यातल्या त्यात दिलासा.)

यावर पहिला आक्षेप ठरलेला: खोटी लग्नं होतात, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. होतात, आणि आहे. म्हणूनच व्हिसाच्या वेळची छाननी आणि सुरक्षा चौकशी यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण दोन वर्षांच्या मुदतीने खोटेपणा कसा कळतो, हे मला उमगलेलं नाही. खोटं लग्न दोन वर्षं अगदी नीट चालतं, कारण त्यात भांडायला काही नसतं. कागदपत्रंही जागच्या जागी असतात. प्रमाणपत्र सापडत नाही, सहीवरून रुसवा, फोटोत एकाचं तोंड वाकडं, हे खऱ्या संसाराचं लक्षण. दुसरा आक्षेप असा, की इतर देश याहून कडक आहेत. बरोबर. ब्रिटनमध्ये परदेशी जोडीदाराला राहायला आणायचं तर 2024 पासून वर्षाला 29,000 पौंडांची मिळकत दाखवावी लागते. आधी 18,600 पुरत होते. ते प्रेम पगारावर मोजतात, आपण कॅलेंडरवर. पण शेजारच्याचं छप्पर गळतं म्हणून आपण आपली कौलं काढून ठेवायची, हा कुठला न्याय?

आणि परक्या पाहुण्यावरचा असा पहारा रत्नागिरीला तरी नवा नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवला आणि 1916 साली तो इथेच वारला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता, म्हणजे मधे परदेशाची हद्दही नव्हती. तरी पहारा तीस वर्षं. एवढ्या पहाऱ्यातून थोरल्या राजकन्येचा जीव जडला तो राजाच्याच पदरी दारावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांवर. त्यांची मुलगी टूटू मराठी बोलत रत्नागिरीकरीण झाली. पहारेकऱ्यांनी नजर बाहेरच्या माणसावर ठेवली आणि सोयरीक फाटकातच झाली. या गोष्टीतून साहेबाने घेतलेला धडा म्हणजे आणखी कागद: 1920 चा पासपोर्ट कायदा, 1939 चा परकीय नोंदणी कायदा, 1946 चा परकीय नागरिक कायदा. दोन महायुद्धांच्या धास्तीतले हे कायदे आपण स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षं वापरले. 1 सप्टेंबर 2025 पासून त्यांच्या जागी नवा इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा आला. जुनी नावं गेली, अर्ज ऑनलाइन भरता येतो. सासूबाईंचं लॉज मात्र चालूच आहे.

तेव्हा यंदा चतुर्थीला व्हिसावरची सून किंवा जावई येणार असेल, तर मखर आदल्या दिवशी बांधून घ्या. ज्या दिवशी मंडळी उतरतील त्या दिवशी वायफाय चालू ठेवा, पासपोर्टचा फोटो काढा, अर्ज भरा आणि पोचपावती देव्हाऱ्यापाशी जपून ठेवा. मोदक त्यानंतर.