हिरव्या आत्याच्या वतीने

आदरणीय मुद्रकमहोदय,



आपण छापून दिलेल्या पुस्तकाच्या 500 प्रती मिळाल्या. एकही गठ्ठा ओला नव्हता, कोपरे दुमडलेले नव्हते, बांधणी घट्ट आहे. या तिन्हींबद्दल मनापासून आभार. फोटोंचे आभार मानायला मात्र वेगळं पत्र लागेल असं वाटलं, म्हणून हे लिहितो आहे.

माझ्या वडिलांनी बॉक्स कॅमेऱ्याने काढलेले ते फोटो. सगळे कृष्णधवल. पान 34 वर माझी आत्या आहे, अंगणात तांदूळ निवडत बसलेली. सारवलेलं अंगण, सुपातले तांदूळ, तिच्या पातळाचा काठ, कानामागचे केस, प्रत्येकाची राखाडी छटा निराळी. आपल्या हातून ती हिरवी झाली. समोरच्या पानावर तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गुलाबी झाले. सख्ख्या बापलेकींना दोन रंग वाटून देण्याचं औदार्य आमच्या कुटुंबाला नवीन आहे.

आत्या आज 88 वर्षांची आहे. पहिली प्रत तिला नेऊन दिली. चष्मा पुसून तिने पान जवळ धरलं आणि विचारलं, “तेव्हा मी आजारी होते का रे?”

त्या एका प्रश्नासाठी मी आपला ऋणी आहे. त्याचं उत्तर शोधताना छपाईचं जे शिकलो, ते आपण आपण होऊन कधीच शिकवलं नसतं.

फायली मीच दिल्या होत्या, आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत. ती चूक माझी. आपल्या ऑपरेटरने त्या जशाच्या तशा सीएमवायकेत ओढल्या आणि आत्याच्या चेहऱ्यावरची करडी सावली सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांच्या ठिपक्यांनी बनली. राखाडी बनवायला सायन 50 टक्के घेतली तर मॅजेंटा आणि पिवळी प्रत्येकी 40च्या आसपास लागतात, हे मला आता पाठ आहे. तिन्ही समसमान घेतल्या तर तपकिरी येतो, कारण सायन शाई तितकी शुद्ध नसते. तिने लाल प्रकाश शोषायचा, पण ती थोडा हिरवा आणि निळाही गिळते. असा हा तोल. मशीनवर मॅजेंटा जराशी कमी पडली की माणूस हिरवा, जराशी वाढली की गुलाबी. रंगीत फोटोतल्या झाडाला किंवा साडीला एवढा फरक चालून जातो. राखाडीला चालत नाही. डोळा तिथे लगेच अडतो.

आजोबा गुलाबी का, हेही आपल्यामुळेच कळलं. 34 आणि 35 ही पानं पुस्तकात समोरासमोर असली तरी मोठ्या शीटवर एकमेकांपासून लांब असतात. शाई मात्र शीटवर पट्ट्यापट्ट्याने सोडतात. 35च्या पट्ट्यात शीटवर 38वं पान होतं आणि त्यावर आईवडिलांची लग्नपत्रिका, लालभडक. तो लाल उठून दिसावा म्हणून मशीनमनने त्या पट्ट्यातली मॅजेंटा वाढवली. त्याने त्याचं काम चोख केलं, पत्रिका सुंदर आली आहे. फक्त तिची हळदकुंकवाची लाली आजोबांच्या गालांवर उतरली.

हे फोटो एकट्या काळ्या शाईत छापले असते तर रंगाला शिरायला जागाच उरली नसती. शाई कमीजास्त झाली असती तर आत्या फार तर फिकी किंवा गडद आली असती. एका शाईत काळा तेवढा खोल येत नाही, हे आपण म्हणाल आणि ते खरंच आहे. त्यासाठी काळीच्या जोडीला राखाडीची दुसरी शाई घेऊन ड्युओटोन करतात. किंवा चारच शायांत छापायचं असेल तर राखाडीचा बहुतेक भार काळीवर टाकतात आणि बाकीच्या तिघी गडद सावल्यांपुरत्या ठेवतात. तोल थोडा ढळला तरी मग चेहरा बिघडत नाही. या तीन वाटा आपल्याला माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून ठाऊक आहेत. “फोटो कृष्णधवल आहेत, कसे छापू?” एवढं विचारणारा एक फोन हवा होता.

प्रूफ दाखवल्याबद्दलही आभार. आपण ते ट्यूबलाइटखाली दाखवलंत आणि तिथे ते मला खरोखर करडं दिसलं. घरी बाल्कनीत नेलं तेव्हा हिरवं. चार शायांनी जमवलेली राखाडी उजेड बदलला की बदलते. म्हणून तर प्रूफ पाहण्यासाठी 5000 केल्विनचा दिवा ठरवून दिलेला आहे. तो आपल्याकडे नसेल तर हरकत नाही. बाहेर ऊन होतं. चार पावलांवर.

मी तक्रार केली तेव्हा आपण म्हणालात, “थोडा शेड येतोच, साहेब.” या वाक्याने मी बरेच दिवस झोपलो नाही. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी छपाईच्या धंद्यात होते. त्या काळी फोटो हाफटोन ब्लॉकवरून एका शाईत छापत. कागद हलका असला की सावल्या बुजत, नाकडोळे एकमेकांत मिसळत. पण त्या पानांवर आजारी कोणी दिसत नाही. शेड येत नाही, महोदय. आपण तो येऊ देता.

वडील गेले तेव्हा मागे घर नव्हतं, जमीन नव्हती. टिनाच्या डब्यात या निगेटिव्ह होत्या. पुस्तक केलं ते त्यांच्यासाठी.

आता एकच विनंती. तो तिसरा फर्मा, पान 33 ते 48, पुन्हा छापावा. फोटो काळ्या आणि राखाडी अशा दोन शायांत घ्यावेत. लग्नपत्रिका त्या फर्म्यातून काढून शेवटी वेगळ्या रंगीत पानावर घालू. कागदाचे पैसे मी देतो, प्लेटचे आपण द्यावेत.

येत्या मंगळवारी दुपारी बाराला येतो. वडिलांनी स्वतः काढलेला आत्याचा मूळ प्रिंट बरोबर आणीन. तो आणि पान 34 घेऊन आपण दोघं गच्चीवर जाऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आत्याचा भाचा